रुमालाआधीचा प्रश्न

माझ्या शेडच्या मागच्या भिंतीला चार महिने चार रिमा टेकून उभ्या होत्या. रिम म्हणजे टायरच्या आतलं लोखंडी चाक. काळा रंग, नटांची पाच भोकं, कुठे तडा नाही, गंज नाही. सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्यांचं. मी त्या विकल्या नाहीत, भंगारात घातल्या नाहीत, त्यांच्यावर ताडपत्रीही टाकली नाही. राग शिळा होऊ नये म्हणून त्या तिथे ठेवल्या होत्या.

मी मराठवाड्यातून इकडे आलो तेव्हा भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये पत्रे उचलायचो. आज मोशीत माझं स्वतःचं शेड आहे. चाकणच्या कंपन्यांना माल ठेवायला लोखंडी पॅलेट लागतात, त्या मी बनवतो आणि माझ्याच जुन्या पिकअपमधून पोचवतो. हे सगळं मी उभं केलं ते दोन गोष्टींवर, वेल्डिंगचा हात आणि घासाघीस. वेल्डिंग माझ्यापेक्षा चांगलं करणारे शंभर भेटतील. पण भाव पाडण्यात मला कुणी मागे टाकलं असेल तर तो माणूस मला अजून भेटलेला नाही. निदान तोवर भेटला नव्हता. शेजारचे शेडवाले पत्रा घ्यायला जाताना मला सोबत नेत. "भाऊला पुढे करा, दुकानदार रडतो," असं म्हणत. ही माझी कमाई होती, आणि ती मला शेडपेक्षाही प्यारी होती.

माझे नियम साधे होते. मालाला हात लावायचा नाही. दोनदा बघायचं नाही. आपल्याला काय हवंय, कशासाठी हवंय, किती घाई आहे, यातलं काहीही समोरच्याला सांगायचं नाही. गरज कळली की भाव चढतो.

त्या आठवड्यात मला घाई होती. एका कंपनीच्या गेटवर सेफ्टीवाल्याने माझी पिकअप अडवली. खाली वाकून त्याने पुढच्या डाव्या रिमवर खडूने गोल काढला. नटाच्या भोकापासून तडा गेला होता, केसाएवढा. मग बाकीच्या तीन बघितल्या, आणि आणखी दोन गोल काढले. "काका, सोमवारी नवीन रिमा असतील तरच गाडी आत," म्हणाला. माझ्या निम्म्या वयाचा पोरगा, पण बरोबर बोलला होता. मी पॅलेट दुसऱ्याच्या टेम्पोत भरून आत पाठवल्या आणि थेट रिमावाल्याकडे गेलो.

त्याचं पत्र्याचं दुकान चाकणच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून आहे. जुन्या गाड्यांच्या रिमा तारेत ओवून टांगलेल्या असतात. समोर, रस्त्याच्या पलीकडे, चहाची टपरी. दुकानदार इथल्याच एका गावातला म्हातारा. रिमांच्या धंद्यात येण्याआधी तो बैलबाजारात दलाली करायचा. बाजाराची रीत त्याने दुकानात तशीच आणली होती. भाव तोंडाने बोलायचा नाही. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा, रुमालाखाली बोटं दाबायची, मान हलवायची. रुमाल उचलला की सौदा झाला. मग माल परत नाही. जे काही विचारायचं ते रुमालाआधी. बैलाची खोड रुमालाआधी विचारली तर विकणाऱ्याने खरं सांगायचं, नाही विचारली तर घेणाऱ्याचं नशीब. ही रीत टपरीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होती, आणि मलाही.

मी गाडी लांब, चहाच्या टपरीपाशी लावली. रिमांकडे न बघता त्याच्याकडे गेलो.

"पाच नटाच्या चार हव्यात. माझ्या गाडीच्या," मी पिकअपकडे मानेने खूण केली.

म्हातारा रस्ता ओलांडून पिकअपपर्यंत गेला. गाडीभोवती एक फेरी मारली. बैल बघतात तशी. परत आला आणि तारेतून चार रिमा काढून माझ्यापुढे मांडल्या.

"ह्या हायेत. ह्याच सालच्या गाडीच्या. एकदम चोख."

मी आकाशाकडे बघितलं.

"एक लावून बघायची का? जॅक हाय माझ्याकडं," तो म्हणाला.

लावून बघायची म्हणजे चाक खोलायचं. चाक खोललं की तडे दिसणार, तडे दिसले की माझी गरज दिसणार. मी म्हणालो, "राहू द्या. भाव बोला."

त्याने रुमाल हातात घेतला, पण टाकला नाही. "पाहुणं, पुढलं ब्रेक मूळचंच हायेत ना? कुणी बदलल्यात का मधी?"

हा प्रश्न त्याने विचारला होता. मी हे आज लिहितो आहे. आजवर मी हे कुणाजवळ बोललो नाही.

ब्रेक मूळचे नव्हते, आणि ते मला माहीत होतं. मी ही गाडी एका दूधवाल्याकडून घेतली होती. त्याने घाटातून दूध आणताना पुढचे ब्रेक कमी पडतात म्हणून पुढचा सगळा भाग नंतरच्या मॉडेलचा बसवला होता. त्याचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबणारी लोखंडी पकड, जुन्यापेक्षा बरीच मोठी असते. ती चाकाच्या आत, रिमच्या पोटाला अगदी जवळ बसते. जुन्या सालच्या रिमेचं पोट अरुंद असतं. बाहेरून दोन्ही रिमा सारख्याच, टायर एकच, भोकं तीच.

हे सगळं मला तिथे आठवलं का? आठवलं, पण माझं सगळं लक्ष रुमालाकडे होतं. मला वाटलं, म्हातारा चाचपतोय. ब्रेक बदललेत म्हटलं तर म्हणेल, मग तुम्हाला नंतरच्या मॉडेलच्या लागतील, त्या कमी मिळतात, त्यांचा भाव वेगळा.

"तुम्ही भाव बोला हो," मी म्हणालो. "ब्रेकचं काय घेऊन बसलात."

रुमाल पडला. त्याने बोटं दाबली, मी निम्मी दाबली. तीन वेळा हात काढून घेतला, एकदा गाडीपर्यंत चालत गेलो. शेवटी त्याने माझी बोटं मान्य केली. रुमाल उचलताना तो हसला. ते हसू मला हरल्याचं वाटलं.

शनिवारी दुपारी मोशीच्या टायरवाल्याकडे जुने टायर नव्या रिमांवर चढवून घेतले. मागची दोन चाकं बसली. पुढचं डावं लावलं, पाचही नट आवळले, आणि टायरवाल्याने हाताने चाक फिरवलं. ते फिरलं नाही.

"राव, घासतंय. कॅलिपरला टेकलंय."

मी स्वतः खाली झोपून बघितलं. रिमेच्या पोटावर चकचकीत ओरखडा पडला होता. उजवं चाकही तसंच.

"ग्राइंडर मारू का कॅलिपरला? दोन मिनिटांचं काम. सगळे मारतात," टायरवाला म्हणाला.

"तुझ्या डोक्याला मार," मी म्हणालो.

"मग स्पेसर टाका. चाक जरा बाहेर येईल."

स्पेसर म्हणजे चाक आणि हबच्या मध्ये घालायची चकती. चाक बाहेर येतं तेवढा नटाला स्टडचा, म्हणजे हबवरच्या बोल्टचा, आटा कमी मिळतो. माझ्या गाडीवर भरलेल्या पॅलेट असतात. मी आयुष्यभर लोखंडाचं काम केलंय. दोन आट्यांवर लटकलेलं चाक कुठे जातं ते मला ठाऊक आहे. मी चारही चाकं उतरवायला लावली आणि रिमा घेऊन तसाच चाकणला गेलो. टायरवाल्याच्या टेम्पोतून, कारण माझी गाडी चार ठोकळ्यांवर उभी होती.

म्हातारा दुकानापुढे बसला होता. टपरीवर सात-आठ ड्रायव्हर चहा पीत होते.

"काका, ह्या बसत नाहीत. पुढे घासतात."

त्याने रिमा उचलून ओरखडा बघितला. अंगठा फिरवला.

"मंजी पुढलं ब्रेक बदललेलं हायेत."

"बसतात म्हणून तुम्ही दिल्या."

"ह्या सालच्या गाडीला बसत्यात म्हणून दिल्या. रुमाल उचलला पाहुणं. आता माल परत न्हाई."

मी आवाज चढवला. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या रुमालाचं, बाजाराचं, वयाचं सगळं काढलं. तो ऐकत राहिला. मग टपरीकडे तोंड करून, मोठ्याने न बोलता पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भावात लई पटाईत हायेत पाहुणं. चाकाचं तेवढं बघायचं राहिलं."

ड्रायव्हर हसले. चहावाला गाळणी धरून हसला. त्यातला एक माझ्या ओळखीचा होता, शेजारच्या शेडचा माल नेणारा. सोमवारी माझ्या गल्लीत सगळ्यांना ते वाक्य पाठ झालं होतं. मी पत्रा घ्यायला निघालो की कुणीतरी म्हणायचं, "भाऊ, भाव बघा, चाकाचं आम्ही बघतो." त्यानंतर मला सोबत न्यायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या रिमा मी रविवारीच पिंपरीतून आणल्या होत्या. या वेळी हात लावून, आणि सांगतील त्या भावात. पण लावण्याआधी मला खात्री हवी होती. नुसतं चाक फिरलं म्हणजे पुरलं, असं नसतं. ब्रेक तापतात, चिखल अडकतो, खडी अडकते. मध्ये निदान तीन मिलिमीटर जागा हवी. आणि ती जागा चाक लावल्यावर डोळ्यांना दिसत नाही. मी घरी जाऊन बायकोकडे कणकेचा गोळा मागितला.

"कशाला?"

"कॅलिपरवर थापायला."

"पोळ्या गाडीवर भाजणार का आता?" तिने गोळा दिला. "अहो, घट्ट हवी का सैल?"

"घट्ट."

"त्या म्हाताऱ्याकडे जाताना पण नेला असता तर," ती म्हणाली आणि लाटायला बसली.

कॅलिपरच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागावर मी कणीक थापली, रिमेला आतून तेलाचा हात लावला, चाक चढवून नट आवळले आणि चाक हाताने सावकाश एक फेरा फिरवलं. मग चाक काढलं. कणीक दबून बसली होती. ब्लेडने मधोमध कापून जाडी मोजली. साडेचार. चारही चाकं, पाचही नट, सगळं बसलं. सोमवारी गाडी गेटातून आत गेली.

ती कापलेली कणीक हातात धरून बसलो असताना मला सुचलं, म्हाताऱ्याला कुठे धरायचं ते.

पहिला महिना मी पट्टी बनवण्यात घालवला. आधी पुठ्ठा कापून माझ्या गाडीच्या कॅलिपरचा आकार घेतला. मग ओळखीच्या दोन गॅरेजांत जाऊन पिकअपच्या आणखी दोन प्रकारच्या कॅलिपरचे. प्रत्येकाला तीन मिलिमीटर वाढवून पातळ पत्र्यात कापले. मध्ये एक गोल चकती जोडली, रिमेच्या मधल्या भोकात बसणारी. पट्टी रिमेत आतून बसवायची आणि एक फेरा फिरवायची. कुठे अडली तर ती रिम त्या ब्रेकला चालणार नाही. चाक खोलायला नको, जॅक नको. लहान मुलालाही करता येईल असं केलं.

मग दर रविवारी सकाळी मी त्या टपरीवर जाऊन बसू लागलो. पिकअप म्हाताऱ्याच्या बरोबर समोर लावायची, मागचा फाळका पाडायचा, आणि हौद्यात त्या चार रिमा उभ्या. प्रत्येकीवर खडूने लिहिलेलं, 'घासते'.

कुणी गिऱ्हाईक दुकानाकडे वळलं की मी रस्ता ओलांडायचो.

"भाऊ, गाडी कुठली? पुढचे ब्रेक कुठले? थांबा, रुमाल टाकायच्या आधी एक मिनिट."

पट्टी फिरवायचो. बहुतेक वेळा रिम बरोबर असायची. म्हातारा माल ओळखत होता, हे मला कबूल करावं लागतं. पण दहातली एखादी अडायची, आणि मला तेवढी पुरे होती. पट्टी अडली की मी काही बोलत नसे. नुसता गिऱ्हाइकाला हात धरून दाखवायचो, अडते कुठे ते. काही जण निघून जायचे. जे थांबायचे ते रुमालाखाली जोरात दाबायचे, कारण आता त्यांच्याकडे बोलायला काहीतरी असायचं.

म्हाताऱ्याने मला कधी हाकललं नाही. दुसऱ्या रविवारी त्याने माझ्यासाठी चहा पाठवला. मी परत पाठवला. तिसऱ्या रविवारी पुन्हा पाठवला. मी तो त्याच्या देखत रस्त्यावर ओतला. नंतर चहा आला नाही. पुढे पुढे गिऱ्हाईकच दुकानात शिरण्याआधी विचारू लागलं, "ते पट्टीवाले आलेत का?" शेजारच्या शेडवाल्यांनी हे ऐकलं तेव्हा एक जण पुन्हा माझ्यासोबत पत्रा घ्यायला आला. मला वाटलं, निम्मं परत मिळालं. उरलेलं निम्मं म्हणजे त्या चार रिमा. त्याच माणसांसमोर, त्याच्याच हाताने परत घ्यायला लावायच्या. याहून कमी काही मला नको होतं.

तो रविवार मला नीट आठवतो. कांदा वाहणारा एक ड्रायव्हर दोन रिमा घ्यायला आला होता. मी पट्टी फिरवली, अडली. ड्रायव्हर हसून म्हणाला, "काका, तुम्ही भावात पटाईत, पण चाकाचं हे बघतात." टपरीवर सगळे हसले. तेच वाक्य उलटं होऊन त्याच्याकडे गेलं होतं. मी टपरीवर येऊन बसलो. इतका गोड चहा मी त्या रस्त्यावर प्यायलो नव्हतो.

म्हातारा उठला. खांद्यावर रुमाल टाकून त्याने, सौद्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच, माझ्यासाठी रस्ता ओलांडला. माझ्या पिकअपपाशी येऊन थांबला.

"पाहुणं, तुमच्या चारी रिमा मी माघारी घेतो."

टपरीवरचे सगळे वळून बघू लागले.

"आजवर माल माघारी घेतला न्हाई. आज घेतो. तेवढं एक सांगा. रुमालाआधी मी तुमाला ब्रेकचं इचारलं व्हतं का न्हाई? चाकावर हात ठिवून सांगा. बैलाच्या पाठीवर ठिवतात तसा. तुमी न्हाई म्हणालात तर मी न्हाईच धरणार."

चहावाला सौद्याच्या दिवशी, रुमाल पडण्याआधी, चहा द्यायला दुकानातच आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दूध ढवळायला लागला.

मी हौद्यातल्या एका रिमेवर हात ठेवला. उन्हाने तापली होती. मला टपरीवरचे चेहरे दिसत होते. शेजारच्या शेडचा माल नेणारा तो ड्रायव्हरही होता. विचारलं होतं म्हणालो असतो तर चार महिन्यांचा खेळ तिथे संपला असता. गल्लीत नवीन वाक्य पोचलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "नाही विचारलं."

मी त्याच्या भांडणाची वाट बघत होतो. शिव्यांची तयारी होती, साक्षीदारांची होती. चहावाल्याला कसं गप्प करायचं तेही मनात होतं.

"बरं," तो म्हणाला.

त्याने रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली माझी बोटं दाबली. मी पहिल्या दिवशी त्याला मान्य करायला लावली होती तीच, तेवढीच. एक कमी नाही, एक जास्त नाही. चार महिन्यांनंतर त्याला ती लक्षात होती. तेवढे पैसे त्याने मोजून दिले. मग त्याने एकेका हातात दोन अशा चारही रिमा स्वतः उचलल्या. त्या वयात. कुणी हात लावायला पुढे आलं तर मानेनेच नको म्हणाला. रस्ता ओलांडून त्याने त्या तारेत ओवल्या आणि पुन्हा माझ्याकडे आला.

"ती पट्टी मला द्या. आता तुमाला काय करायचीय."

मी दिली. का दिली, मला माहीत नाही. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

गल्लीत माझं नाव झालं. म्हाताऱ्याने माल परत घेतला, तोही माझ्याकडून, ही गोष्ट मोशीपासून भोसरीपर्यंत पोचली. आता पुन्हा लोक मला सोबत नेतात. मला हवं होतं ते सगळं मिळालं. आणि तरी सांगतो, त्याच्यावरचा माझा राग तेव्हापेक्षा आज जास्त आहे. त्याने भांडायला हवं होतं. निदान एकदा तरी खोटारडा म्हणायला हवं होतं. तो 'बरं' म्हणाला, आणि त्या शब्दाचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

पट्टी त्याच्या दुकानात दारातच टांगलेली आहे. पॅलेट घेऊन चाकणला जाताना माझी वाट तिथूनच आहे. दुसरीकडून जाता येतं, पण मी जात नाही. त्याला भिऊन वाट बदलली असं मी होऊ देणार नाही. टपरीवर गाडी थांबवतो, चहा घेतो. त्याच्याकडे गिऱ्हाईक असलं की तो पट्टी काढतो, रिमेत फिरवतो आणि रुमाल हातात घेऊन थांबतो.

"पुढलं ब्रेक मूळचंच हायेत ना?" तो विचारतो. रस्त्याच्या पलीकडे ऐकू येईल एवढ्या आवाजात.

विचारतो गिऱ्हाइकाला, आणि बघतो त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे. उत्तर येईपर्यंत रुमाल टाकत नाही. चहावाला दूध ढवळत राहतो. मी कप खाली ठेवत नाही.